रक्तवाहिनीत कृत्रिम ग्राफ्ट असताना मूत्रपिंड प्रत्यारोपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील एका रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करताना डायलिसिसच्या खाटेशेजारी, बाह्यरुग्ण विभागाच्या दारात आणि रात्री उशिरा येणाऱ्या फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांपैकी एकाच विषयावरचे प्रश्न येथे घेतले आहेत. पोटातील किंवा पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या जागी आधीच कृत्रिम नळी बसवलेली असेल, तर मूत्रपिंड प्रत्यारोपण करता येते का, आणि येत असेल तर त्यासाठी काय काय पाहावे लागते, हा तो विषय. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. आपल्या रुग्णाबाबतचा निर्णय त्याचे कागद आणि त्याचा सी. टी. स्कॅन प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

केस पेपरवर जागोजागी ‘ग्राफ्ट’ लिहिलेले असते. तो शब्द नेमका कशासाठी आहे?

तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी, आणि बहुतेक घोटाळे येथूनच सुरू होतात. पोटातील महाधमनी फुगली किंवा पायाकडे जाणाऱ्या धमन्या बंद पडल्या, तर त्या जागी बसवलेल्या कृत्रिम नळीला ग्राफ्ट म्हणतात. डायलिसिससाठी हातातील धमनी आणि शीर यांना जोडणारी जी नळी कातडीखाली बसवतात, तिलाही ग्राफ्टच म्हणतात. आणि प्रत्यारोपण झाल्यावर डॉक्टर नव्या किडनीलाही ग्राफ्ट म्हणू लागतात. आमच्याकडील एका रुग्णाच्या मुलाने डिस्चार्ज कार्डावर ‘ग्राफ्टचे कार्य समाधानकारक’ असे वाचले, ते पोटातल्या नळीबद्दल आहे असे समजून वडिलांची डॉप्लर तपासणीची (रक्तप्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीची) तारीख सोडून दिली, आणि हे आमच्या लक्षात यायला दोन महिने गेले. चूक त्याची नव्हती. कार्ड लिहिणाऱ्याने एक शब्द जास्त लिहिला असता तर हे टळले असते. या पानावर ‘ग्राफ्ट’ म्हणजे कृत्रिम रक्तवाहिनी आणि ‘नवी किडनी’ म्हणजे प्रत्यारोपित मूत्रपिंड, एवढे ठरवून पुढे वाचावे.

हातात डायलिसिससाठी ग्राफ्ट आहे. त्याने प्रत्यारोपणाला अडचण येते का?

सहसा नाही. नवी किडनी ओटीपोटात बसते आणि हातातील ग्राफ्टचा तिच्याशी संबंध येत नाही. दोन अपवाद मात्र लक्षात ठेवावेत. हाताच्या सगळ्या जागा संपल्यामुळे ग्राफ्ट मांडीत बसवलेला असेल, तर त्या बाजूच्या मोठ्या शिरेतून जादा दाबाचे रक्त वाहत असते, म्हणून सर्जन शक्यतो दुसरी बाजू निवडतात. दुसरा अपवाद बंद पडून तसाच राहिलेल्या जुन्या ग्राफ्टचा. असा ग्राफ्ट बाहेरून शांत दिसला तरी त्यात जंतू मुरलेले असू शकतात. बारीक ताप, इंजेक्शने घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, कमी होत जाणारे अल्ब्युमिन यांचे कारण कधी कधी तेथे सापडते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू करण्यापूर्वी ही शंका मिटवणे आवश्यक असते.

पोटात महाधमनीचा किंवा पायाकडे जाणारा ग्राफ्ट आहे. अशा रुग्णाला नवी किडनी मिळू शकते का?

मिळू शकते. पोटात ग्राफ्ट असणे म्हणजे प्रत्यारोपणाला नकार नव्हे, आणि एवढ्याच कारणाने कोणी ‘तुमचे होणार नाही’ असे सांगितले असेल तर रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि प्रत्यारोपण सर्जन या दोघांचे मत एकत्र घेतल्याशिवाय ते अंतिम मानू नये. अशा शस्त्रक्रिया जगभर झालेल्या आहेत. प्रसिद्ध झालेला अनुभव लहान लहान गटांचा आहे, पण त्यावरून एवढे म्हणता येते की निवड नीट केली तर नव्या किडनीचे काम इतर रुग्णांच्या जवळपास चालते. अशा रुग्णांना पुढे जो धोका राहतो, तो किडनीपेक्षा हृदयाचा अधिक असतो. ज्या रोगाने पायाच्या धमन्या बंद केल्या, त्याने हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्या सोडलेल्या असतील असे धरून चालता येत नाही.

पण किडनी पाठीकडे असते आणि ग्राफ्ट पोटात. मग दोघांचा संबंध कोठे येतो?

‘किडनी बदलली’ असे आपण सहज म्हणतो, त्यामुळे जुनी काढून तिच्या जागी नवी बसवतात असा समज होतो. प्रत्यक्षात जुन्या किडन्या बहुधा तशाच राहतात आणि नवी किडनी ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या खोबणीत, बऱ्याचदा उजव्या बाजूला ठेवतात. तिची धमनी पायाकडे जाणाऱ्या इलियाक धमनीला, तिची शीर शेजारच्या इलियाक शिरेला आणि तिची मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात. महाधमनीपासून दोन्ही जांघांपर्यंत जाणारा उलट्या ‘वाय’च्या आकाराचा ग्राफ्ट नेमका याच खोबणीच्या कडेने जातो. म्हणजे नव्या किडनीला ज्या नळातून पाणी घ्यायचे, तो नळच बदललेला असतो.

सगळेच ग्राफ्ट या वाटेने जात नाहीत. एका जांघेतून दुसऱ्या जांघेकडे कातडीखालून नेलेला ग्राफ्ट ओटीपोटाच्या खालच्या भागात आडवा असतो, तेव्हा छेद तेथे जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. शिवाय ज्या बाजूने तो रक्त पुरवतो ती बाजू चिमटली तर दोन्ही पायांचे रक्त थांबते. काखेजवळून निघून बरगड्यांवरून जांघेपर्यंत आणलेला ग्राफ्ट किडनीच्या जागेपासून दूर असतो, पण तो असणे म्हणजे पोटातील मूळ धमन्या निकामी आहेत, आणि हीच मोठी अडचण ठरते. एकाच बाजूला ग्राफ्ट असेल आणि दुसरी बाजू निरोगी असेल, तर प्रश्न लवकर सुटतो.

किडनीची जिवंत धमनी कापडाच्या नळीला शिवली तर ती टिकते का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो रास्त आहे. ग्राफ्ट बहुधा डेक्रॉनचा असतो, म्हणजे पॉलिएस्टरचा. शर्टाच्या कापडात असते त्याच जातीचा धागा. १९५० च्या दशकात अमेरिकन सर्जन मायकेल डिबेकी यांनी शिलाई मशीनवर डेक्रॉनच्या नळ्या शिवून पाहिल्या, आणि तेव्हापासून हे कापड शस्त्रक्रियागृहात आहे. दुसरा प्रकार पी. टी. एफ. ई.चा, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरील थर ज्या कुळातला त्या कुळातला. डेक्रॉनची नळी हातात घेतली तर तिच्यावर आडव्या चुण्या दिसतात, त्यामुळे ती वाकवली तरी दुमडत नाही. शरीरात काही महिने राहिल्यावर तिच्याभोवती ऊती घट्ट धरतात आणि आतून एक पातळ अस्तर तयार होते.

शस्त्रक्रियेत सर्जन ग्राफ्टच्या पायाकडे जाणाऱ्या फाट्यावर वर आणि खाली चिमटे लावून मधला भाग रिकामा करतात, त्यात एक गोल छिद्र पाडतात आणि किडनीच्या धमनीचे तोंड त्या छिद्राच्या कडेला केसासारख्या बारीक, न विरघळणाऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या धाग्याने शिवतात. धमनी कापडाला भरून येऊन चिकटेल असे गृहीत धरता येत नाही. तेथे वर्षानुवर्षे भार धाग्यावरच असतो, म्हणून विरघळणारा धागा चालत नाही. पी. टी. एफ. ई.च्या नळीत सुईच्या छिद्रांतून थोडा वेळ रक्त झिरपते. ते थांबेपर्यंत दाबून धरत वाट पाहावी लागते, आणि त्या दहा मिनिटांत खोलीत कोणी फारसे बोलत नाही. मग चिमटे निघतात. बर्फातून आलेली राखाडी, मऊ किडनी पाहता पाहता गुलाबी होते आणि हाताला टणक लागते. नळी कापडाची असो की मूळची, हा रंग सारखाच येतो.

येथे एक अनपेक्षित गोष्ट सांगण्यासारखी आहे. अनेक वर्षे डायलिसिसवर असलेल्या, मधुमेही किंवा तंबाखू घेणाऱ्या रुग्णांच्या मूळ इलियाक धमन्या चुन्याने, म्हणजे कॅल्शियमच्या थरांनी, भरून अंड्याच्या कवचासारख्या झालेल्या असतात. अशा धमनीला चिमटा लावला तर कवच फुटते, तुकडा सुटून पायात जाऊ शकतो, आणि सुई तर आत शिरतच नाही. त्यापेक्षा ग्राफ्टची मऊ, एकसारखी भिंत चिमटायला आणि शिवायला सोपी जाते. म्हणून काही रुग्णांत ग्राफ्ट हाच किडनी जोडण्यासाठी सर्वांत चांगला तुकडा ठरतो.

मग खरी कठीण बाब कोणती?

शीर. लोक धमनीबद्दल विचारतात, सर्जन शिरेची काळजी करतात. ग्राफ्टभोवती तयार झालेला व्रण, म्हणजे जखम भरताना बनलेली कडक ऊती, शेजारच्या इलियाक शिरेला घट्ट धरून ठेवतो, शिरेची भिंत पातळ असते, आणि ती सोडवताना फाटली तर रक्तस्राव आवरणे धमनीच्या रक्तस्रावापेक्षा अवघड जाते. जिवंत दात्याची बहुधा डावी किडनी घेतात, कारण तिची शीर लांब असते. येथे ही लांबी फार उपयोगी पडते. व्रणात रुग्णाची स्वतःची मूत्रवाहिनीही ग्राफ्टला चिकटलेली असू शकते. रुग्णाला थोडी लघवी होत असेल तर तिला इजा होऊ न देणे महत्त्वाचे, नाहीतर गळलेली लघवी ग्राफ्टवर जाऊन जंतुसंसर्गाला वाट मिळते.

दोन्ही बाजू वापरता येणार नाहीत असे दिसले तर आणखी एक वाट आहे. रुग्णाची डावी किडनी काढून नवी किडनी तिच्याच जागी बसवतात आणि प्लीहेकडे जाणारी धमनी तिला जोडतात. ही शस्त्रक्रिया मोजक्या ठिकाणी होते.

जुन्या ऑपरेशनचे कागद खरोखरच इतके महत्त्वाचे आहेत का? आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आहे.

फार महत्त्वाचे आहेत, आणि या सगळ्या पानावरील एकच गोष्ट करायची असेल तर हे कागद मिळवावेत. डिस्चार्ज कार्डावर ‘महाधमनी-जांघ बायपास केला’ एवढेच असते. आम्हाला हवी असते ती शस्त्रक्रियेची मूळ नोंद: ग्राफ्ट कोणत्या कापडाचा, किती जाड, वरचे टोक महाधमनीला तोंडाला तोंड जोडले की कुशीला, फाटे मूत्रवाहिनीच्या मागून नेले की पुढून, खालची टोके कोठे संपतात. वरचे टोक तोंडाला तोंड जोडलेले असेल तर मूळ इलियाक धमनीत रक्त फक्त जांघेकडून उलटे चढते, आणि त्या धमनीला किडनी जोडणे बऱ्याचदा शहाणपणाचे नसते. हे चित्र सी. टी.मध्येही दिसते, पण फाटा मूत्रवाहिनीच्या पुढे आहे की मागे, हे नोंदीत जितके स्वच्छ असते तितके चित्रात नसते.

भोर तालुक्यातील एक काका पहिल्या भेटीला आले तेव्हा त्यांच्या हातात दुधाची रिकामी पिशवी होती. तिच्यात घडी घालून ठेवलेला, कोपरे पिवळे पडलेला एक कागद होता आणि त्याच्या पाठीला ग्राफ्टच्या डब्यावरील स्टिकर चिकटवलेले होते: कंपनीचे नाव, क्रमांक आणि ‘१६ × ८’. म्हणजे मुख्य नळी १६ मिलिमीटर आणि फाटे ८ मिलिमीटर. नऊ वर्षांपूर्वी तेथील सिस्टरनी ‘हे फेकू नका’ असे सांगितले म्हणून त्यांनी ते ठेवले होते. त्या स्टिकरने आमचे दोन आठवडे वाचवले. ज्या रुग्णालयात जुनी शस्त्रक्रिया झाली तेथील वैद्यकीय अभिलेख विभागात अर्ज केल्यास नोंदीची प्रत मिळते. अर्जावर ‘शस्त्रक्रियेची नोंद आणि इम्प्लांट स्टिकर’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर पुन्हा डिस्चार्ज कार्डच हातात येते.

कोणत्या तपासण्या कराव्या लागतात? सी. टी.च्या डायने (रक्तवाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात त्या औषधाने) उरलेली किडनी जाईल का?

नेहमीच्या तपासण्या, म्हणजे रक्तगट, ऊतींची जुळणी, क्रॉसमॅच (दात्याच्या पेशींविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिद्रव्ये आहेत का याची चाचणी), क्षयरोग आणि विषाणूंच्या चाचण्या, दंतवैद्याची तपासणी, या सर्वांना कराव्या लागतात. ग्राफ्ट असलेल्या रुग्णांना त्यावर रक्तवाहिन्यांची आणि हृदयाची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी लागते. चुना किती आहे हे डायशिवायच्या साध्या सी. टी.मध्येही कळते. ग्राफ्टची जोडणी कोठे अरुंद झाली आहे का, जोडाशी फुगा तयार झाला आहे का, हे पाहण्यासाठी डाय देऊन सी. टी. अँजिओग्राफी करतात. ज्यांना लघवी होतच नाही आणि जे नियमित डायलिसिसवर आहेत, त्यांच्या बाबतीत डायमुळे गमावण्यासारखे फारसे उरलेले नसते. ज्यांचा डायलिसिस अजून सुरू झालेला नाही किंवा ज्यांना दिवसाला बरी लघवी होते, त्यांच्यासाठी डॉक्टर फायदा-तोटा तोलून ठरवतात.

पायाचा आणि हाताचा रक्तदाब एकमेकांशी ताडून पाहण्याची चाचणी पुष्कळ ठिकाणी होते. मात्र चुन्याने टणक झालेली धमनी दाबली जात नसल्यामुळे तिचा आकडा खोटा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब अधिक भरवशाचा. आणि जांघेतील नाडी बोटांनी तपासण्याला आजही पर्याय नाही.

किडनीच्या तपासणीतच पायाच्या धमन्या बंद असल्याचे कळले. आधी ग्राफ्ट, मग किडनी, की दोन्ही एकदम?

दोन्ही पद्धती वापरात आहेत. आधी ग्राफ्ट बसवून काही आठवडे किंवा महिने थांबले तर जखमा भरतात, ऊती ग्राफ्टला धरतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होतात तेव्हा कृत्रिम वस्तू शरीरात नवी कोरी नसते. जिवंत दाता असेल आणि तारीख आपल्या हातात असेल, तर हा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो. मात्र थांबण्याच्या काळात व्रणही पक्का होतो, म्हणून ग्राफ्ट बसवतानाच पुढे किडनी येणार आहे हे सर्जनना माहीत असणे आवश्यक आहे. मग ते फाट्याची जागा आणि उंची त्या हिशेबाने ठेवतात. दोन्ही एकाच वेळी केल्यास भूल एकदाच द्यावी लागते आणि जागा स्वच्छ मिळते, पण शस्त्रक्रिया लांबते आणि रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका वाढतो.

महाधमनीचा फुगा मोठा असेल तर तो आधी; त्यात फारसा वाद नाही.

वडिलांच्या महाधमनीत जांघेतून तारेचा स्टेंट-ग्राफ्ट टाकला आहे, पोट उघडले नव्हते. ते सोपे नाही का?

पोटात व्रण नसतो हा फायदा खरा आहे. पण स्टेंटवर चिमटा लावता येत नाही, त्यामुळे किडनीची धमनी स्टेंट जेथे संपतो त्याच्या खाली, निरोगी भागात जोडावी लागते. तेवढा भाग शिल्लक आहे का, हे सी. टी.मध्ये मोजून पाहतात. शिवाय अशा स्टेंटभोवती रक्त गळत नाही ना, हे पुढे आयुष्यभर अधूनमधून तपासावे लागते. त्या तपासण्यांत नव्या किडनीला डाय कमीत कमी लागेल असे पाहावे.

ग्राफ्टला जंतुसंसर्ग झाला तर?

हीच सर्वांत गंभीर गुंतागुंत. पोटातील ग्राफ्टचा जंतुसंसर्ग एरवीही होतो, पण क्वचित. जांघेत उतरणाऱ्या ग्राफ्टमध्ये त्याचे प्रमाण अधिक. प्रत्यारोपणानंतर तो आवरणे कठीण जाते, कारण जंतू कापडाच्या चुण्यांत जाऊन बसतात, औषध तेथे नीट पोहोचत नाही आणि बऱ्याचदा ग्राफ्ट काढूनच टाकावा लागतो. ग्राफ्टला किडनी जोडलेली असेल तर त्याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणून जंतुसंसर्ग चालू असेल तर प्रत्यारोपण करत नाहीत, आणि किडलेला दात, पायाची न भरणारी जखम, डायलिसिसच्या नळीचा ताप या गोष्टी आधी निपटाव्या लागतात.

प्रत्यारोपणानंतर थंडी वाजून ताप, जांघेत नवी गाठ किंवा स्राव, कंबरेत न थांबणारे दुखणे, आणि विशेषतः काळी किंवा रक्ताची शौच झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ग्राफ्ट आणि आतडे यांच्यामध्ये वाट तयार झाली तर पहिला रक्तस्राव थोडा होऊन थांबतो. त्याला मूळव्याध समजून घरी बसणे जिवावर बेतू शकते.

दाता जिवंत असावा की मेंदूमृत? पुण्यात नाव कोठे नोंदवायचे?

जिवंत दाता असेल तर तारीख, तयारी आणि दोन्ही सर्जनची उपस्थिती जमवता येते, आणि अशा गुंतागुंतीच्या रुग्णाला हे मोठे बळ असते. मेंदूमृत दात्याच्या किडनीचाही एक लाभ आहे: तिच्या धमनीच्या तोंडाशी महाधमनीचा छोटा तुकडा ठेवून ती काढता येते. हा तुकडा रक्तवाहिन्या शिवण्याची पद्धत बसवून १९१२ चे नोबेल मिळवणाऱ्या अलेक्सी कॅरेल यांच्या नावाने ओळखला जातो आणि ग्राफ्टला शिवायला तो रुंद, सोयीचा पडतो. जिवंत दात्याकडून तो अर्थातच घेता येत नाही.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल करण्याची सोयही त्याच दुरुस्तीने झाली. मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी पुणे विभागात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राची प्रतीक्षा यादी असते आणि तिच्यात नाव नोंदणीकृत रुग्णालयामार्फतच जाते. नोंदणी करताना ग्राफ्टची माहिती फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी. फोन रात्री दोनला आला आणि ड्युटीवरील डॉक्टरांना ग्राफ्टचे तेव्हा पहिल्यांदा कळले, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनला शोधण्यात मौल्यवान तास जातात.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. त्या बंद कराव्या का?

स्वतःच्या मनाने एकही बंद करू नये. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी पाच ते सात दिवस थांबवतात. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी यादीत नाव असताना ते प्रत्यारोपण केंद्राला कळवलेले असावे, म्हणजे ऐन वेळी त्याचा उतारा तयार ठेवता येतो.

प्रत्यारोपण नीट झाले, पण सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीचे काम घटले की रक्तात वाढणारा घटक) वाढू लागले आणि बी. पी. आवरेना. शरीराने किडनी नाकारली का?

नाकारली असेलही, पण ग्राफ्ट असलेल्या रुग्णात आणखी एक कारण आधी तपासावे. ग्राफ्ट किडनीच्या वर, म्हणजे महाधमनीच्या बाजूला अरुंद झाला, तर किडनीपर्यंत रक्तच कमी पोहोचते. किडनी उत्तम असते, जोडणी उत्तम असते, वरचा नळ आवळलेला असतो. त्यामुळे रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या, उदाहरणार्थ रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, सुरू केल्यावर क्रिएटिनिन झपाट्याने वाढते. ओळखण्याची एक खूण घरीच मिळते: त्याच बाजूचा पाय चालताना पूर्वीपेक्षा लवकर भरून येऊ लागतो. पर्वतीच्या पायऱ्या एका दमात चढणारा माणूस निम्म्यावर पोटरी धरून बसू लागला, तर ते फक्त वय नव्हे. डॉक्टरांना क्रिएटिनिनचा आकडा सांगताना पायाचेही सांगावे, कारण विचारले नाही तर ही दोन दुखणी वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळ्या डॉक्टरांना सांगितली जातात. डॉप्लर करताना केवळ किडनीची धमनी न पाहता वरचा ग्राफ्टही पाहावा, अशी विनंती चिठ्ठीवर लिहून घ्यावी. अरुंद भाग बऱ्याचदा आत नेऊन फुगवलेल्या छोट्या फुग्याने किंवा स्टेंटने मोकळा करता येतो.

औषधांबद्दल काही वेगळी काळजी?

टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे इतरांप्रमाणेच. पपनस खाऊ नये, कारण त्याने टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढते. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन ते खाली आणते, बुरशीची आणि काही प्रतिजैविक औषधे ते वर नेतात. अनोळखी काढे, चूर्णे, भस्मे घेऊ नयेत. कोलेस्टेरॉलची गोळी ग्राफ्टसाठी आणि हृदयासाठी चालू ठेवायची असते. ती ‘जास्तीची’ म्हणून वगळू नये.

तंबाखू पूर्ण बंद. त्यात बिडी-सिगारेट आली, तळहातावर मळलेली आली, आणि मिश्रीही आली. घरातील बाईमाणसे मिश्रीला तंबाखूत मोजत नाहीत आणि विचारल्यावर ‘व्यसन नाही’ असे उत्तर येते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

उलट परिस्थिती आहे: नवी किडनी दहा वर्षांपासून चांगली आहे आणि आता महाधमनीत फुगा सापडला. किडनी जाईल का?

जावी असे नाही. उघड्या शस्त्रक्रियेत महाधमनी चिमटली की नव्या किडनीचेही रक्त थांबते, म्हणून तेवढा वेळ तात्पुरत्या नळीने तिला रक्त देणे किंवा तिच्यात थंड द्रव सोडून तिला गार ठेवणे असे उपाय करतात. शरीररचना योग्य असेल तर जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट टाकणे बरे पडते, कारण त्यात रक्त फार वेळ थांबत नाही. पण डाय जपून वापरावा लागतो, आणि स्टेंटचा फाटा किडनीच्या धमनीचे तोंड झाकणार नाही हे पाहावे लागते.

खर्चासाठी मदत मिळते का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यासाठीची मर्यादा २.५ लाखांवरून ४.५ लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तेथील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया वेगळी करावी लागणार असेल तर तिची मंजुरीही वेगळी लागते, हे आधीच विचारून ठेवावे.

आई दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पुण्यापर्यंत चालते. आता चालता येईल का?

चालणे ग्राफ्टसाठी आणि किडनीसाठीही चांगलेच आहे. जखम भरेपर्यंत साधारण सहा आठवडे वजन उचलू नये. पहिले काही महिने औषधांचा डोस जास्त असतो, तेव्हा मात्र गर्दी टाळावी, म्हणजे पहिल्या वर्षी पालखीचे दर्शन शक्यतो दुरून घ्यावे. त्यानंतर डॉक्टरांनी हो म्हटले तर जरूर चालावे. पाणी घरून उकळून न्यावे, वाटेतील उघड्यावरचे सरबत व कापलेली फळे घेऊ नयेत, आणि टॅक्रोलिमसची वेळ चालण्याच्या गडबडीत चुकू नये म्हणून गोळ्यांची डबी आईच्या पिशवीत न ठेवता बरोबर चालणाऱ्याच्या खिशात ठेवावी.